पिकअपचा मागचा सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो, तेव्हा काय काय तपासायचं

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगाव–ओतूर पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटला, नवा टाकला, आणि त्याच हंगामात त्याच बाजूचा पुन्हा तुटला. मग दोष बोल्टाच्या मालावर जातो, दुकान बदललं जातं, कुणी भोक वाढवून जाड बोल्ट टाकतो. अशा गाड्या गॅरेजात मी वर्षानुवर्षं हाताळतोय आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ दुखणं यू-बोल्टात, म्हणजे पाटे एक्सलवर दाबून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टांत, निघालं आहे. सैल यू-बोल्ट तसेच ठेवून नुसता सेंटर बोल्ट बदलला, तर तो परत तुटणारच.

खालचं सगळं मागे पाटे असलेल्या एक-दीड टनाच्या पिकअपसाठी आहे. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांना ते लागू नाही.

लक्षणं कशी दिसतात

गाडी तिरकी चालते. पुढची चाकं सरळ रस्त्यावर, पण हौदा एका अंगाला सरकलेला. हे चालवणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही, मागून येणाऱ्याला आधी दिसतं. गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग मात्र थोडं वळलेलं धरावं लागतं. पुष्कळ जण इथेच फसतात: अलाइनमेंटवाल्याकडे जातात, तो पुढची चाकं जुळवून देतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुढचे टायर एका कडेनं खायला लागतात. वाकडी मागची चाकं असतील तर पुढची जुळवून काय होणार?

दुसरं लक्षण आवाजाचं. क्लच सोडताना मागून एक ‘ठक्’, ब्रेक दाबताना दुसरा ‘ठक्’. रिव्हर्स टाकून सोडला की हमखास. रिकाम्या गाडीत स्पष्ट ऐकू येतो, भरलेल्या गाडीत दबतो, म्हणून माल भरल्यावर ‘आवाज गेला’ असं समजू नका.

तिसरं, मडगार्डच्या कमानीत मागचं चाक मधोमध दिसत नाही. एका बाजूला पुढे बोटभर जागा कमी, दुसऱ्या बाजूला बरोबर. आणि चौथं, जे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं: यू-बोल्टाजवळ, पाट्यांच्या फटीतून आणि बैठकीच्या (एक्सलवर पाटे जिथे टेकतात त्या जागेच्या) कडेनं निघणारी तांबूस भुकटी. साधा गंज सगळीकडे सारखा असतो आणि धातूला चिकटलेला असतो. ही भुकटी बारीक असते, बोटाला कुंकवासारखी लागते आणि तिच्या शेजारी धातू घासून चकचकीत झालेला दिसतो. दोन लोखंडं एकमेकांवर हलल्याशिवाय ती तयार होत नाही. ती दिसली की बोल्ट अजून तुटला नसला तरी तुटायच्या वाटेवर आहे.

यातलं एखादंच लक्षण असेल तर घाई करू नका, कारण इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंट क्रॉसचा आणि पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या शॅकलच्या बुशचा आवाजही असाच येतो. दोन-तीन एकत्र असतील तर पुढच्या तपासण्या आजच करा.

बोल्ट तुटतो कशामुळे

हे समजलं नाही तर पुढची कुठलीही तपासणी नुसती कवायत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाट्यांच्या मधोमध भोक असतं आणि त्यातून सेंटर बोल्ट जातो. बहुतेक पिकअपमध्ये पाटे एक्सल हाऊसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या जाड नळीच्या) वर बसतात, त्यामुळे या बोल्टाचं गोल डोकं खाली, हाऊसिंगला वेल्ड केलेल्या बैठकीच्या भोकात बसतं. त्याचं काम एवढंच: जोडणी करताना पाटे एकावर एक धरून ठेवायचे आणि एक्सलची जागा दाखवायची. ओझं, ब्रेकचा धक्का, इंजिनाचा जोर हे पेलायची त्याची ताकदच नाही. ते काम दोन यू-बोल्टांचं. ते पाट्यांना बैठकीवर इतक्या जोरानं दाबून धरतात की त्या दाबातून होणाऱ्या घर्षणामुळेच एक्सल जागचा हलत नाही.

वह्यांच्या गठ्ठ्यातून खिळा आरपार घातलाय असं समजा. गठ्ठा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला तर कुणी कितीही ओढलं तरी खिळ्याला काही होत नाही. हात ढिले केले की तोच खिळा वाकतो.

आता ओतूरहून माळशेजच्या रस्त्याला लागलेली भरलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या गिअरमध्ये चढ घेताना चाकांना जेवढा जोर पुढे मिळतो, तेवढाच उलटा जोर हाऊसिंगला पिळायला लागतो. उतरताना ब्रेक दाबला की पीळ उलट्या दिशेनं. यू-बोल्ट सैल असेल तर प्रत्येक वेळी एक्सल केसभर पुढे, केसभर मागे सरकतो, आणि मध्ये अडवायला एकटा सेंटर बोल्ट. हजारो वेळा असं झालं की तो कापला जातो.

तुटलेला बोल्ट फेकू नका, हातात घेऊन नीट बघा. तुटीच्या जागेजवळ त्याला कंबर पडलेली असेल, म्हणजे मधला भाग झिजून बारीक झालेला, तर बैठक बरेच दिवस हलत होती. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळसर, गुळगुळीत आणि उरलेला भाग ताजा, दाणेदार दिसत असेल तर चीर आधीच पडलेली होती, उरलेलं लोखंड शेवटच्या धक्क्याला गेलं. सगळंच तोंड ताजं असेल तर मात्र एखाद्या मोठ्या आदळण्यानं एका दमात तुटलाय. पहिल्या दोन प्रकारांत नुसता नवा बोल्ट हा उपाय नव्हे.

तपासणीआधी

गाडी पूर्ण रिकामी आणि सपाट, कठीण जमिनीवर हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. पहिल्या सगळ्या तपासण्या चारही चाकं जमिनीवर असतानाच होतात, गाडी उचलायची गरज नाही. उचलावी लागलीच तर नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका, चेसिसखाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा. विटा रचून गाडी टेकवायची पद्धत अजून दिसते. वीट भारानं एकाएकी फुटते आणि आधी काही इशारा देत नाही. ते करूच नका.

फुकटातल्या तपासण्या

सुरुवात चाकांच्या नटांपासून. तुम्ही म्हणाल याचा काय संबंध, पण सैल चाकाचा ठकठक आवाज आणि सैल एक्सलचा आवाज यात भल्याभल्यांची गल्लत होते, आणि सैल चाक जास्त घातक. पान्हा लावायला पाच मिनिटं लागतात. तसंच हबच्या तोंडावर एक्सल शाफ्टचे बोल्ट असतील तर तेही बघून घ्या. तिथून ऑइल ओघळलेलं दिसलं तर ते बोल्ट सैल आहेत किंवा गॅस्केट गेलंय. तो वेगळा दोष, वेगळी दुरुस्ती.

मग टेप. पुढची चाकं अगदी सरळ ठेवा. एका बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या, मग दुसऱ्या बाजूला. दोन-चार मिलिमीटरचा फरक हातच्या चुकीनंही येतो. सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त फरक आला तर काहीतरी सरकलंय. पण पुढच्या बाजूला काही वाकलं असेल तरी हे माप चुकतं, म्हणून दुसरं माप घ्या: मागच्या पाट्याच्या पुढच्या पिनेच्या मध्यापासून एक्सलच्या बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत. दोन्ही बाजूंना. हे माप पुढच्या चाकांवर अवलंबून नाही, त्यामुळे माझा जास्त विश्वास यावर. पहिल्या मापात फरक आणि दुसऱ्यात नाही, तर दुखणं पुढे आहे, हे पुढचं सगळं सोडून द्या. दुसऱ्यातही फरक असेल तर एक्सल पाट्यावरून सरकला आहे.

सरकला असेल तर त्याच वेळी चेसिसकडून एक्सलकडे येणारा ब्रेकचा रबरी होज आणि हँडब्रेकची केबल बघा. ताणलेली आहे का, कशाला घासतेय का? होज ताणलेला दिसला तर तपासणी तिथेच थांबवा. ती गाडी चालवायची नाही, न्यायची असेल तर दुसऱ्या गाडीवर चढवून.

एक्सल जागेवर असेल तर यू-बोल्टांकडे वळा. तारेचा ब्रश घेऊन नट, प्लेट आणि बैठकीची कड साफ करा. चिखल आणि जळक्या ऑइलचा थर असेल तर खालचं काहीच दिसत नाही. नटाच्या बाहेर आलेले आटे चारही पायांवर साधारण सारखे आहेत का बघा. एका पायावर बोटभर आणि दुसऱ्यावर नटाच्या तोंडाशी, असं दिसलं तर बोल्ट वाकडे कसलेले आहेत आणि दाब एकाच बाजूला पडतोय. छोट्या हातोडीनं प्रत्येक नटावर हलका ठोका मारा. घट्ट नट खणखणतो, सैल नट बद्द वाजतो. ही परीक्षा ढोबळ आहे, खणखणला म्हणजे पुरेसा घट्ट असं नव्हे, पण बद्द वाजला तर शंका उरत नाही.

हँडब्रेक ओढून हलवून बघणे

यासाठी दोन माणसं लागतात. गाडी बंद, चाकांना ठोकळे, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गिअर न्यूट्रल. एकानं पुढून गाडी ढकलायची आणि सोडायची, झोके दिल्यासारखं. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, म्हणजे चाकं आणि एक्सल जागेवर, आणि वरचं सगळं अंग हलतंय. दुसऱ्यानं बाजूनं वाकून पाटा आणि बैठक यांच्या सांध्याकडे टॉर्चनं बघायचं. बाजूनं, खाली शिरून नाही.

निरोगी गाडीत पाटा आणि बैठक एक होऊन हलतात, हालचाल फक्त शॅकलमध्ये आणि पाट्यांच्या टोकांना दिसते. सांध्यात सुताएवढीही सरकासरकी दिसली, किंवा बोटाचं टोक सांध्याच्या कडेला टेकवल्यावर टिचकी जाणवली, तर यू-बोल्टांचा दाब गेला आहे. बोट कडेला बाहेरून टेकवा, फटीत घालू नका.

हीच हालचाल चालू असताना शॅकलच्या पिना आणि जॉइंट क्रॉसही पाहून घ्या. आवाज तिथून येत असेल तर बुश किंवा क्रॉस बदला. पाट्याला हात लावायची गरज नाही.

टॉर्क पान्हा

इथून पुढे थोडा खर्च. टॉर्क पान्हा विकत घ्यायची गरज नाही, चांगल्या गॅरेजात असतो. तुमच्या गाडीच्या यू-बोल्टाचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घ्या. तो बोल्टाच्या जाडीवर अवलंबून असतो, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालणार नाही. काही पुस्तकांत न्यूटन-मीटर असतं, काहींत किलोग्रॅम-मीटर. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, एवढं लक्षात ठेवलं की पान्ह्यावरचा आकडा चुकत नाही.

गाडी रिकामी, चाकं जमिनीवर. पान्हा त्या आकड्यावर लावून नट घट्ट करायच्या दिशेनं हळू ओढा. नट न हलता पान्ह्यानं ‘टक’ केलं तर तो नट ठीक. ‘टक’ होण्याआधी नट फिरला तर तो सैल होता. चारही नट एकदम पूर्ण कसू नका. कोपऱ्याआड कोपरा, थोडं थोडं करत दोन-तीन फेऱ्यांत आकड्यावर आणा. एका बाजूनं पूर्ण आवळलं तर प्लेट तिरपी बसते आणि दुसरी बाजू घट्ट भासते, पण नसते.

आणि नट नुसताच फिरत राहिला, जोर वाढतच नाही, तर थांबा. आटे गेलेत किंवा बोल्ट ताणला जातोय. तो अजून आवळला तर तुमच्या हातातच तुटेल, किंवा त्याहून वाईट, घाटात तुटेल.

हवेच्या गननं नट कसले म्हणजे घट्टच झाले, हा समज सोडा. गनचा जोर कॉम्प्रेसरमधल्या हवेवर कमीजास्त होतो. नट उतरवायला, बसवायला गन जरूर वापरा, शेवटचा कस टॉर्क पान्ह्यानंच. आट्यांना ऑइल फासून आकड्यावर कसणंही चुकीचं: निसटत्या आट्यांवर तोच आकडा बोल्टाला जास्त ताणतो. पुस्तकात कोरडे आटे म्हटलं असेल तर कोरडेच.

एक्सल सरकलेला नव्हता, भुकटी थोडीच होती आणि चारही नट आकड्यावर नीट आले, तर काम इथेच संपू शकतं. पांढऱ्या रंगानं नटापासून प्लेटपर्यंत एक सरळ रेघ ओढा. नंतर नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पान्हा न लावता कळतं. एक्सल सरकलेला असेल तर मात्र नट आवळू नका. तसं केलं तर एक्सल वाकड्या जागीच पक्का होतो.

पाटा सोडावा लागला तर

सेंटर बोल्ट तुटलाय हे बाहेरून नेहमी दिसत नाही. डोकं बैठकीत अडकून राहतं आणि वरचा नट जागेवरच दिसतो. त्या नटाला बोटांनी धरून हलवून बघा. बोल्ट गोल फिरला किंवा वर उचलला गेला तर तो तुटलाय. गंजून अडकला असेल तर हलणारही नाही. मग माप काय सांगतं त्यावर विश्वास ठेवा.

पाटा सोडायचं काम मी तरी घरी करा म्हणणार नाही. चेसिस घोड्यांवर, एक्सल वेगळ्या जॅकवर, दोन्ही स्वतंत्र आधारांवर ठेवावी लागतात. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांचा संच दोन मोठ्या शिकंज्यांनी आवळावा लागतो, कारण पाटे ताणात असतात आणि बोल्ट सुटला की फाकतात. त्या वेळी मध्ये आलेली बोटं वाचत नाहीत. ज्याच्याकडे शिकंजे, घोडे आणि या कामाचा सराव आहे त्यानंच करावं. बाकीच्यांनी पाटेवाल्याकडे जावं, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते माहीत असू द्या. त्यासाठीच पुढचं.

यू-बोल्ट नवेच टाका. एकदा पूर्ण ताणात बसलेला बोल्ट काढून परत बसवला की त्याचे आटे आधीसारखा दाब धरत नाहीत. सोबत नट आणि जाड कडक वॉशरही नवे. एका बाजूचे बदलताय तर दुसऱ्या बाजूचेही बदला, दोन्हींचं वय एकच आहे. सळईला आटे पाडून वाकवलेले यू-बोल्ट स्वस्त मिळतात. ते मऊ लोखंडाचे असतात, पहिल्या भाराला ताणले जातात आणि दाब संपतो. चांगल्या बोल्टावर किंवा नटावर दर्जाचा आकडा छापलेला असतो. बोल्टावर ८.८ असेल तर पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताकद आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. आकडाच नसलेला बोल्ट घेऊ नका.

सेंटर बोल्टाचं डोकं नीट बघून घ्या. अस्सल बोल्टाचं डोकं गोल असतं आणि बैठकीच्या भोकात अगदी जुळून बसतं. हार्डवेअरच्या दुकानातला षटकोनी डोक्याचा बोल्ट जाडीला बरोबर असला तरी त्याचं डोकं भोकात सैल बसतं, आणि तेवढीच जागा एक्सलला हलायला मिळते. वारंवार तुटणाऱ्या कितीतरी गाड्यांत मला हेच सापडलं आहे.

बैठकीचं भोक गोल आहे का, हे बोट फिरवून आणि नव्या बोल्टाचं डोकं घालून बघायला सांगा. डोकं पुढे-मागे हलत असेल तर भोक लांबट झालं आहे. अशा बैठकीत कितीही चांगला बोल्ट टाका, टिकणार नाही.

प्रत्येक पाटा वेगळा करून भोकाभोवती चिरा बघायला सांगा. पाटा बहुतेक इथेच तुटतो, आणि यू-बोल्टाच्या प्लेटखाली असल्यानं वर्षभर कुणाला दिसत नाही. जोडताना बैठक आणि पाटा यांच्यामध्ये टायरचा तुकडा, लाकूड किंवा रंगाचा जाड थर राहू देऊ नका. आवाज जावा म्हणून काही जण रबर घालतात. रबर भारानं दबतं, दाब कमी होतो आणि पुन्हा पहिले पाढे.

शॅकलच्या रबरी बुशच्या पिना शेवटच्या कसताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत कसल्या तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जादा पाटा

‘गाडी बसते’ म्हणून एक पाटा वाढवून घेणं आमच्याकडे सर्रास चालतं. त्यानं गाडी उंच दिसते. चेसिस, हाऊसिंग, ब्रेक आणि टायरची ताकद मात्र आहे तेवढीच राहते. आणि या दुखण्यापुरतं बोलायचं तर जादा पाट्यानंतर जुनेच यू-बोल्ट आणि जुनाच सेंटर बोल्ट वापरलेले असतात. जाडी वाढली, बोल्टाची लांबी तीच. नटात पूर्ण आटे बसतच नाहीत. नटाबाहेर निदान दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर लांब यू-बोल्ट घ्या, नाहीतर तो पाटा काढा.

ओझ्याचा हिशोब टाळता येत नाही. टोमॅटोचं क्रेट २० किलो मालाचं धरा, रिकामं क्रेट दीड-दोन किलो. ७० क्रेट म्हणजे १,५०० किलोच्या वर गेलंच. १०० क्रेट लादली तर २,२०० किलोच्या घरात. तुमच्या गाडीची क्षमता आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून काढा आणि त्यातच माणसांचंही वजन धरा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मला मात्र दंडापेक्षा घाटाची जास्त काळजी वाटते. उतारावर एक्सल सरकलेली, भरलेली गाडी ब्रेक दाबताच मागून फिरते. तेव्हा ती सावरायला जागा नसते, आणि समोरून कुणाची तरी मोटरसायकल येत असते.

आमच्याकडे डाव्या बाजूचा बोल्ट जास्त वेळा तुटतो. रस्त्याला पाणी वाहून जायला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालतो, म्हणजे मागच्या डाव्या पाट्यावर भार थोडा जास्त. शेतातून डांबरीवर चढतानाही डावं चाक आधी आदळतं. तपासणीला वेळ कमी असेल तर डावीकडून सुरू करा.

इथे हात थांबवा

बैठकीच्या वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी चीर दिसली, हाऊसिंगवर ऑइलचा घाम आला, बैठकीचं भोक लांबट झालं, मेन पाटा तुटला, किंवा ब्रेकचा होज ताणला गेला: यातलं काहीही असलं तर पान्हा खाली ठेवा. हाऊसिंगचं वेल्डिंग रस्त्याकडेच्या वेल्डरकडून करून घेऊ नका. बैठक मूळ जागी आणि मूळ कोनातच बसली पाहिजे, कोन चुकला तर जॉइंटचे क्रॉस जातात, आणि वेड्यावाकड्या उष्णतेनं नळी वाकली तर आतल्या बेअरिंगवर येतं. हे काम हाऊसिंगची मापं घेण्याची सोय असलेल्या वर्कशॉपचं. पाटे तर वेल्ड करायचेच नसतात. स्प्रिंगचं पोलाद तापवलं की त्याचा पीळ जातो आणि वेल्डच्या शेजारीच ते मोडतं. तुटलेला सेंटर बोल्ट बैठकीला वेल्ड करून ‘कायमचा इलाज’ करणारेही भेटतात. अशी गाडी आली की आम्हाला आधी ते वेल्ड तासावं लागतं, आणि बैठकीचं नुकसान झालेलं असतं ते वेगळंच.

रस्त्यात तुटलं तर माल उतरवा. एक्सल जागेवर असेल, यू-बोल्ट चारही पायांवर शाबूत असतील आणि होज ढिला असेल, तर रिकामी गाडी सपाट रस्त्यानं अगदी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. घाट उतरून नाही. एक्सल सरकला असेल तर चालवायचीच नाही. नाशवंत मालाचं ओझं मनावर असतं, मोबदला बुडणार असतो, हे मी जाणतो. तरीही माल दुसऱ्या गाडीत भरा आणि ही उभी करा.

काम झाल्यावर

नवे यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात. पाट्यांमधला रंग, गंज, बारीक उंचवटे दबले जातात आणि कसलेला दाब कमी होतो. हे बोल्ट खराब असल्याचं लक्षण नव्हे, पण म्हणूनच पहिल्या ५०० किलोमीटरच्या आत सगळे नट परत आकड्यावर कसावे लागतात. पाटेवाल्याकडून गाडी घेतानाच ही तारीख ठरवून घ्या. बहुतेक जण हीच पायरी गाळतात, आणि मग नवे बोल्टही जुन्यांच्या मार्गानं जातात. त्यानंतर हंगामात दर ऑइल बदलीला रेघा बघा, भुकटी पुसून बघा, टेप लावा.

दुसऱ्यांदा कसल्यावरही रेघ सरकलेली दिसली, किंवा पुसलेल्या जागी तांबूस भुकटी परत आली, तर तिसऱ्यांदा आवळू नका. बैठक किंवा पाट्याचं भोक गेलेलं आहे. गाडी रिकामी करून हाऊसिंग तपासायला न्या.